दहा गुंठ्यांत एक घर: ऑस्ट्रेलियातल्या बंगल्यांवरून एवढं रान का पेटलंय?

मावशीने परवा फोनवर विचारलं, "अरे, तुमच्याकडे दहा गुंठ्यांत एकच घर बांधतात म्हणे. मग उरलेल्या जागेचं करतात काय?"

"गवत वाढवतात," मी म्हणालो.

"आणि?"

"आणि शनिवारी ते कापतात."

मावशी हसली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गेली दोन-तीन वर्षं सिडनी आणि मेलबर्नमध्ये याच उरलेल्या जागेवरून भांडण पेटलं आहे. राज्य सरकारं म्हणतात, एका बंगल्याच्या जागी दोन, चार, सहा कुटुंबं राहू द्या. रहिवासी म्हणतात, आमच्या उपनगराचा चेहरा बिघडवू नका. एका कौन्सिलने, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेने, तर आपल्याच राज्य सरकारला कोर्टात खेचलं. आणि ज्यांची मुलं-भाचरं इथे नोकरीला आहेत त्या आई-वडिलांना कळत नाही, की एवढा अवाढव्य देश, पगारही बरे, मग पोराला एक घर का जमत नाही?

## जाहिरातीतले तीन शब्द

घरांच्या जाहिरातीत इथे एक ठरलेला सूर असतो: झाडीचं उपनगर, मोठा ब्लॉक, स्वतंत्र घर.

मुंबईकरांनी 'ब्लॉक'पाशी फसू नये. त्यांचा ब्लॉक म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. इथला ब्लॉक म्हणजे जमिनीचा तुकडा, आपला प्लॉट. जुन्या ऑस्ट्रेलियन स्वप्नातला ब्लॉक पाव एकराचा, म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. एकराचे चाळीस गुंठे, म्हणून पाव एकराचे बरोबर दहा. आता ७००-८०० चौरस मीटरलाही लोक मोठा ब्लॉक म्हणू लागलेत.

स्वतंत्र घर म्हणजे चारही बाजूंनी सुटं, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नसलेलं. आपण त्याला सरळ बंगला म्हणू. हा प्रकार इथे श्रीमंतांचा अपवाद नाही, तोच नियम आहे. २०२१च्या जनगणनेत लोक राहत असलेल्या दर शंभर घरांपैकी ७२ अशी सुटी होती. फ्लॅट जेमतेम १४.

तिसरा शब्द झाडीचा, आणि तो सगळ्यात चतुर. सिडनीत उत्तरेकडे किलारा, पिंबल, वाहरूंगा. मेलबर्नमध्ये क्यू, कॅम्बरवेल. तिथे उंचच उंच गमची, म्हणजे निलगिरीच्या जातीची झाडं आहेत, नोव्हेंबरात जॅकरँडाने फुटपाथ जांभळे होतात, हे सगळं खरंच. पण इथला माणूस एखाद्या उपनगराला 'झाडीचं' म्हणतो तेव्हा तो झाडांबरोबर आणखी काहीतरी सांगत असतो: इथे पैसा जुना आहे, शाळा चांगल्या आहेत आणि फ्लॅट फारसे नाहीत.

## एवढी जागा लागत कशाला होती?

हे ब्लॉक काही केवळ हौसेने मोठे पाडलेले नाहीत. शंभर वर्षांपूर्वीचं परस डोळ्यांपुढे आणा. टोकाला संडास, कारण ड्रेनेज आलेलं नव्हतं. कोंबड्यांचं खुराडं, भाजीचे वाफे, लिंबाचं झाड. सेप्टिक टँकचं पाणी जिरायला जमीन हवी. ही अवस्था फार जुनी आहे असंही नाही. सिडनी-मेलबर्नच्या कडेच्या उपनगरांत १९७० नंतरही हजारो घरांना ड्रेनेज नव्हतं, आणि १९७२ साली सत्तेवर आलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांना त्यासाठी केंद्र सरकारची योजना आणावी लागली.

उपनगरं पसरली ती आधी रुळांच्या कडेने. सिडनीच्या उत्तरेकडची रेल्वे १८९० साली सुरू झाली, हार्बर ब्रिज १९३२ साली, आणि त्यांच्या मागोमाग बंगले. १९०१ साली हॅबरफील्ड नावाचं उपनगर आखलं गेलं तेव्हा त्याची शेखी अशी होती, की इथे झोपडपट्टी नाही, बोळ नाही आणि दारूचा गुत्ता नाही. अनेक ठिकाणी जमीन विकतानाच खरेदीखतात अटी टाकत: घर विटांचंच हवं, छप्पर कौलारूच हवं, बांधकामाला अमुक एका रकमेपेक्षा कमी खर्च करायचा नाही आणि एका प्लॉटवर एकच घर. गरीब शेजारी नको, हे सांगायची ती सभ्य रीत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे स्वप्न मध्यमवर्गाच्या हातात आलं. गाडी आली, कर्ज मिळू लागलं. १९४७ साली निम्म्याहून किंचित जास्त कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती. १९६६ पर्यंत हा आकडा ७१ टक्क्यांवर गेला. वीस वर्षांत एवढी उडी! परसात गरगर फिरणारी हिल्स होइस्ट ही कपडे वाळत घालायची छत्री आणि १९५२ पासून मिळू लागलेलं व्हिक्टाचं गवत कापायचं यंत्र, ही त्या पिढीची दोन दैवतं. आजही शनिवारी सकाळी एखाद्या गल्लीत उभं राहिलं की त्या यंत्राचा आवाज आणि ताज्या कापलेल्या गवताचा वास येतोच.

थोडक्यात, हा ब्लॉक तेव्हा चैन नव्हता. जमीन स्वस्त, गाव लहान. आता सिडनी आणि मेलबर्न दोन्ही पन्नास लाखांच्या पुढे गेलीत, आणि शहराच्या कडेला असलेलं उपनगर आता जवळपास शहराच्या मध्यात आलं आहे. ब्लॉक मात्र तेवढाच.

## लिलावात विकलं काय गेलं?

एका मित्राबरोबर मी उत्तरेकडच्या एका घराचा लिलाव बघायला गेलो होतो. घेणारा तो नव्हता, मीही नव्हतो. इथे शनिवारचे लिलाव बघणं हा फुकटचा करमणुकीचा कार्यक्रम आहे.

घर १९५० नंतर कधीतरी बांधलेलं, लाल विटांचं. आत तपकिरी गालिचा, स्वयंपाकघरात नारिंगी टाइल्स, न्हाणीघराच्या छताला ओलीचा नकाशा. बघायला आलेली एक बाई नळ सोडून बघत होती, आणि तिचा नवरा मागच्या अंगणात पावलं मोजत होता. कुंपणापासून कुंपणापर्यंत. मग त्याने फोनवर काहीतरी टिपून घेतलं. घरात तो गेलाच नाही.

पुढच्या हिरवळीवर लिलाव झाला. बोली लावणाऱ्यांच्या हातात नंबरांची पुठ्ठ्याची पानं. शेवटचा हातोडा ३१ लाख डॉलरला पडला, आणि घेणारा तोच, पावलं मोजणारा. त्यातले घराचे किती? मित्र म्हणाला, "घराचे उणे. पाडायचा खर्च येईल ना!"

ही नुसती कोटी नाही. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये 'व्हॅल्युअर जनरल' हे सरकारी कार्यालय दरवर्षी १ जुलैला प्रत्येक जमिनीची किंमत ठरवतं, आणि ठरवताना वरचं घर अस्तित्वातच नाही असं धरतं. कौन्सिलची घरपट्टी त्या किमतीवरून निघते. त्यामुळे एकाच मापाच्या शेजारी-शेजारी प्लॉटवर एक पडकं घर आणि एक महाल असला, तरी दोघांची पट्टी साधारण सारखीच. आपण 'घराच्या किमती वाढल्या' म्हणतो तेव्हा विटा महाग झालेल्या असतात, पण थोड्याच. भाव चढलेला असतो जमिनीचा.

## थाळीवरची पाटी

आता मुख्य गोम. जमीन दुर्मिळ आहे म्हणून महाग, एवढंच असतं तर लोकांनी तिचे पोटहिस्से केले असते. दहा गुंठे एकट्याला परवडत नाहीत, तर पाच जणांनी मिळून घ्यावेत आणि पाच रो-हाऊस बांधावीत. तसं का होत नव्हतं? कारण परवानगी नव्हती.

झोनिंग म्हणजे कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल याचे नियम. आपल्याकडचे एफएसआय आणि साइड मार्जिन यांचे हे भाऊबंदच. ऑस्ट्रेलियात बंगल्यांच्या बहुतेक भागांवर वर्षानुवर्षं कमी दाटीचा झोन आहे: उंची दोन मजल्यांपर्यंत, बांधकाम जमिनीच्या साधारण निम्म्या क्षेत्राइतकं, पुढे-मागे मोकळी जागा, प्लॉट अमुक मापाखाली तोडायचा नाही. फार तर मागे ६० चौरस मीटरची 'ग्रॅनी फ्लॅट', म्हणजे परसातलं छोटं जादा घर, बांधा. किंवा प्लॉट पुरेसा लांब असेल तर मागचा तुकडा वेगळा काढा आणि तिथे जायला कडेने लांबट चिंचोळी वाट सोडा. वरून बघितलं तर तो आकार दांड्यासकट कुऱ्हाडीसारखा दिसतो, म्हणून त्याला नावच 'बॅटल-अ‍ॅक्स ब्लॉक'. कुऱ्हाडीचा प्लॉट म्हणा हवं तर.

हा नियम किमतीत किती भर घालतो? इथे थाळीचं उदाहरण घेऊ. अमर्याद थाळीच्या खानावळीत एक पाटी असते: एका थाळीत दोघांनी जेवू नये. आत बसायचे पैसे मोठे. बसल्यावर आणखी एक पोळी जवळपास फुकट. ऑस्ट्रेलियातला मोठा ब्लॉक नेमका तसा आहे. शेजारी-शेजारी दोन घरं घ्या, एक ६०० चौरस मीटरवर, एक ८०० वर. जास्तीच्या २०० मीटरसाठी लोक फार पैसे मोजत नाहीत. ती जास्तीची पोळी. पण मुळात एक घर उभं करण्याचा हक्क मिळवायचा तर त्याचे पैसे प्रचंड. त्यात वाटेकरी घेता आला असता तर प्रत्येकाला स्वस्त पडलं असतं, पण पाटी आडवी येते.

ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी २०१८ साली याच पद्धतीने हिशेब मांडला. बांधकामाचा खर्च अधिक जमिनीची 'जास्तीच्या पोळी'च्या दराने किंमत, आणि प्रत्यक्ष बाजारभाव, या दोहोंतला फरक त्यांनी झोनिंगच्या नावे लिहिला. त्यांच्या मते २०१६ साली सिडनीतल्या बंगल्याची किंमत त्यामुळे ७३ टक्क्यांनी वर गेली होती, मेलबर्नमध्ये ६९. सिडनीच्या सरासरी घरामागे ही रक्कम सुमारे ४ लाख ९० हजार डॉलर.

या आकड्यावर टीकाही झाली, आणि ती ऐकण्यासारखी आहे. भुकेल्याला पहिली पोळी पाचव्या पोळीपेक्षा केव्हाही जास्त मोलाची वाटणार; त्यात पाटीचा काय दोष? स्टेशनाजवळच्या जागेची मूळ ओढ, तिथलं शेजारपण, शाळा, यांचं मोलही त्या फरकात मिसळलेलं आहे. सगळा फरक नियमांच्या माथी मारणं बरोबर नाही. मला वाटतं टीकाकारांचा मुद्दा आकड्यापुरता खरा आहे. ७३ हा आकडा मी कुणाच्या तोंडावर फेकणार नाही. पण पाटी आहे, आणि ती काही फुकट लटकत नाही, हे त्या टीकेनेही खोडून निघत नाही.

## मग बदललं काय?

केंद्र आणि राज्यांनी मिळून १ जुलै २०२४ पासून पाच वर्षांत १२ लाख घरं बांधायचं ठरवलं. म्हणजे वर्षाला सरासरी २ लाख ४० हजार. बांधकाम सुरुवातीपासूनच या वेगाच्या मागे आहे. शहराच्या कडेला नवे प्लॉट पाडून एवढी संख्या गाठता येत नाही हे दिसल्यावर सरकारांची नजर बंगल्यांच्या परसांकडे वळली.

न्यू साउथ वेल्सने १ जुलै २०२४ पासून कमी दाटीच्या झोनमध्ये एका प्लॉटवर जोड-घर बांधायला जवळपास राज्यभर मुभा दिली. २८ फेब्रुवारी २०२५ पासून दुसरा टप्पा: निवडलेली १७१ स्टेशनं आणि बाजारपेठा, त्यांच्यापासून ८०० मीटर चालत जाण्याच्या अंतरात रो-हाऊस आणि लहान इमारती. अगदी जवळ सहा मजल्यांपर्यंत, थोडं लांब चार. वणव्याच्या धोक्याचे भाग वगळले. त्याआधी २०२४ मध्येच ३७ स्टेशनांभोवती ४०० मीटरमध्ये सहा मजल्यांची वेगळी योजना लागू होऊ लागलीच होती.

त्या ३७ मध्ये रोझव्हिल, लिंडफील्ड, किलारा आणि गॉर्डन ही चार स्टेशनं होती. चारही कुरिंगाई कौन्सिलमधली, चारही झाडीतली. मे २०२४ मध्ये कौन्सिल कोर्टात गेली. पुढे मध्यस्थी झाली आणि कौन्सिलने स्वतःचा पर्यायी आराखडा आखला: इमारती वाढवू, पण कुठे ते आम्ही सांगू.

मेलबर्नच्या राज्यात, व्हिक्टोरियातही हेच नाटक, पात्रं वेगळी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री जसिंटा अ‍ॅलन यांनी स्टेशनांभोवती उंच बांधकामाच्या ५० केंद्रांची घोषणा केली, तीही ब्रायटन या समुद्रकाठच्या श्रीमंत उपनगरात जाऊन. तिथे निदर्शनं झाली. मार्च २०२५ पासून राज्यात तीन मजल्यांपर्यंतच्या घरांसाठी नवी नियमावली आहे. त्यातले निकष पाळले तर शेजाऱ्याला त्या परवानगीविरुद्ध अपील करता येत नाही. माझ्या मते सगळ्यांत मोठा बदल हा आहे, मजल्यांचा नव्हे. आजवर चार शेजाऱ्यांनी ठरवलं तर दोन घरांचा अर्ज वर्षभर लोंबकळत ठेवता येई.

## "एवढा मोठा देश, जागेची टंचाई कसली?"

वाळवंटात जागा भरपूर आहे, फक्त तिथून ऑफिसला पोचता येत नाही. सिडनीच्या पूर्वेला समुद्र, पश्चिमेला ब्लू माउंटन्स, दक्षिणेला १८७९ पासूनचं रॉयल नॅशनल पार्क, उत्तरेला कुरिंगाई चेस. शहर वाढायचं ते नैर्ऋत्य आणि वायव्येच्या पट्ट्यात. तिथे राहून शहरात कामाला जायचं तर एकेका बाजूचा दीड तास.

आणि तिथे मिळतो काय? आईबापांच्या स्वप्नातला बंगला, पण ३००-४०० चौरस मीटरवर. घर कुंपणापर्यंत पसरलेलं, शेजाऱ्याची पन्हळ हाताला लागेल इतकी जवळ, छप्पर काळं, झाड एकही नाही. ४ जानेवारी २०२० रोजी पश्चिमेकडच्या पेनरिथमध्ये ४८.९ अंश तापमान नोंदलं गेलं. अशा दिवशी काळ्या छपराखाली सावलीविना काय होत असेल ते सांगायला नको. सुटं घर आहे, झाडी मात्र नाही.

## "पण झाडं जाणार, त्याचं काय?"

विरोधकांचा हा मुद्दा सगळ्यांत सच्चा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

चाळीस-पन्नास मीटर वाढणाऱ्या ब्लू गमला तीन मीटरच्या साइड मार्जिनमध्ये उभं राहता येत नाही. त्याला खालची माती सलग आणि खोल लागते. इमारतीखाली गाड्यांसाठी तळघर खणलं की वर कितीही कुंड्या मांडा, ते झाड परत येणार नाही. कुरिंगाईतलं ब्लू गमचं उंच जंगल आता तुकड्या-तुकड्यांत उरलं आहे आणि ते अतिधोक्यातलं म्हणून कायद्याने नोंदवलेलं आहे. 'दहा झाडं लावू' हे उत्तर या जंगलापुरतं फसवं आहे.

पण हे झाड आणि तो बंगला एकमेकांना शिवलेले आहेत, असं जे गृहीत धरलं जातं तेही तपासून बघा. सिडनीतलं पॅडिंग्टन एकमेकांना चिकटलेल्या जुन्या घरांचं, दाटीचं उपनगर, आणि त्याच्या गल्ल्यांवर झाडांचे मांडव आहेत. पॉट्स पॉइंट तर देशातल्या सगळ्यांत दाट वस्त्यांपैकी एक, सावली तिथेही आहे. ती झाडं खाजगी परसात नाहीत, रस्त्यावर आहेत, सगळ्यांची आहेत. उलट झाडीच्या उपनगरात जुना बंगला पाडून त्याच जागी पोहण्याचा तलाव आणि चार गाड्यांच्या गॅरेजसकट एकाच कुटुंबाचा प्रचंड बंगला उभा राहतो, तेव्हाही झाडं जातातच. त्या वेळी निदर्शनाचे फलक क्वचित दिसतात.

## "रस्ते, शाळा, ड्रेनेज पुरणार कसं?"

ताण येतो, खरं आहे. सकाळी शाळेच्या वेळी या गल्ल्यांतून गाडी काढून बघा. पण तुलना शून्याशी करून चालत नाही. ती कुटुंबं इथे आली नाहीत तर कडेच्या उपनगरात जातील, आणि तिथे नळ, ड्रेनेज, रस्ता, शाळा सगळं नव्याने. न्यू साउथ वेल्सच्या उत्पादकता आयोगाने २०२३ साली हिशेब दिला, की शहराच्या आतल्या भागापेक्षा कडेला नव्या घरामागे या सोयींचा खर्च ७५ हजार डॉलरपर्यंत जास्त येतो. जुन्या उपनगरात निदान रेल्वे तरी दारात आहे.

## "स्वस्त काही होणार नाही, बिल्डर तेवढे गब्बर होतील"

अर्धं बरोबर. चार मजल्यांची मुभा मिळाली की त्या जमिनीचा भाव वाढतो. ज्यांनी काल फलक हातात धरले होते तेच शेजारी आज एकत्र येऊन तीन प्लॉट एकगठ्ठा विकायला काढतात, असंही घडतं. ही वरकमाई मालकाने काहीच न करता मिळवलेली असते. व्हिक्टोरियाने त्यावर १ जुलै २०२३ पासून करही लावला आहे. झोन बदलून वाढलेली किंमत मोठी असेल तर निम्मी रक्कम सरकारजमा होते.

पण प्लॉट महाग होणं आणि घर महाग होणं यात फरक आहे. समजा, जमीन २५ लाखांची. एकाच घराने तिचा भार उचलायचा तर घराची किंमत २५ लाखांच्या खाली उतरूच शकत नाही. परवानगीमुळे तीच जमीन ३० लाखांची झाली आणि तिच्यावर सहा रो-हाऊस आली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जमिनीचे पाच लाख. वर बांधकाम. तरीही कारकुनाला परवडेल असं नाही, पण शिक्षक नवरा-बायकोच्या आवाक्यात येऊ शकतं.

शेजारच्या न्यूझीलंडमध्ये ऑकलंडने हा प्रयोग २०१६च्या अखेरीस केला. निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर जास्त बांधकामाची मुभा दिली. त्यानंतर तिथे रो-हाऊसचं बांधकाम झपाट्याने वाढलं. किमती रातोरात कोसळल्या नाहीत. अशी सुधारणा पावसासारखी नसते, ठिबक सिंचनासारखी असते. आणि व्याजदर चढलेले, सुतार-गवंडी मिळत नाहीत, अशा काळात परवानगी हातात असूनही बिल्डर खड्डा खणत नाही, हेही ऑस्ट्रेलिया सध्या शिकतो आहे.

## "हे सगळं बाहेरून आलेल्यांमुळे"

आपल्यापैकी अनेकांना हे ऐकावं लागतं, म्हणून दोन ओळी. कोविडनंतर २०२२-२३ मध्ये बाहेरून येणाऱ्यांची निव्वळ भर पाच लाखांच्या वर गेली आणि त्याने भाड्यांवर दाब आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याआधी सीमा बंद होत्या, येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त होते, आणि त्याच २०२१ सालात घरांच्या किमती देशभर वीस टक्क्यांहून जास्त चढल्या. तेव्हा कर्ज जवळपास फुकट होतं. दोष द्यायचाच तर ओळीत बरेच जण उभे आहेत. परमुलखातला नवखा माणूस तेवढा पटकन दिसतो.

## आजीने घर का सोडावं?

दहा गुंठ्यांच्या त्या बंगल्यात पुष्कळदा एकटी आजी राहते, पंच्याहत्तरच्या पुढची. चार खोल्या, तीन बंद. लोक म्हणतात, तिने लहान घरात जावं. पण तिच्या बाजूने हिशेब करा.

राहतं घर विकलं तर नफ्यावर कर नाही, छान. राहत्या घरावर राज्याचा जमीन-करही नाही. आणि वृद्धापकाळाचं सरकारी पेन्शन ठरवताना तिची मालमत्ता मोजतात, तेव्हा राहतं घर त्यात धरत नाहीत. मग ते तीस लाखांचं का असेना. आता तिने ते विकून चौदा लाखांचा फ्लॅट घेतला. मधले सोळा लाख बँकेत आले की ती मालमत्ता झाली आणि पेन्शन गेलं. शिवाय नव्या फ्लॅटवर मुद्रांक शुल्क, सिडनीत सुमारे साठ हजार डॉलर. सरकारने पंचावन्नच्या वरच्यांना घर विकून आलेल्या पैशांतले तीन लाखांपर्यंत निवृत्तिनिधीत टाकायची सवलत दिली आहे, पण पेन्शनच्या मोजणीतून ते पैसेही सुटत नाहीत. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे त्याच गल्लीत तिला जमेल असा लहान फ्लॅट नसतोच. बांधायला परवानगीच नव्हती. म्हणजे घर सोडायचं तर ओळखीचा डॉक्टर, चर्च, रोजचं फिरणं, सगळं सोडायचं. आजी हटवादी नाही, तिचा हिशेब पक्का आहे.

मुद्रांक शुल्क काढून त्याऐवजी दरवर्षी थोडा जमीन-कर घ्यावा, असं अर्थतज्ज्ञ अनेक वर्षं सांगतात. कॅनबेरा २०१२ पासून वीस वर्षांच्या मुदतीने ते करत आहे. न्यू साउथ वेल्सने २०२३च्या जानेवारीत पहिलं घर घेणाऱ्यांना दोन्हींतून निवड करायची मुभा दिली. सरकार बदललं आणि १ जुलैला ती गेली. दरवर्षी येणारं बिल मतदाराला आवडत नाही. एकदाच बसणारा मोठा फटका तो सोसतो.

दरम्यान तरुणांचं काय चाललंय? १९७१ साली तिशी ते चौतिशीतल्या ६४ टक्के लोकांचं स्वतःचं घर होतं. २०२१ साली ५० टक्क्यांचं. माझ्या ऑफिसातला एक इथलाच मुलगा सांगत होता, की त्याच्या वडिलांनी टपाल खात्यातल्या एका पगारावर पिंबलला प्लॉट घेतला होता. तो आणि त्याची बायको दोघंही इंजिनिअर आहेत आणि त्याच उपनगरात भाड्याने ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहतात. कुणाच्या परसात? एका आजीच्याच.

लिलाव बघितलेल्या त्या घरावरून गेल्या महिन्यात गेलो. घर गेलं आहे. कुंपणावर कौन्सिलची सूचना लावली आहे: एका प्लॉटवर दोन घरं, हरकती अमुक तारखेपर्यंत. पुढच्या जॅकरँडाभोवती जाळीचं कडं आहे आणि आत जाऊ नये, मुळं जपायची आहेत, अशी पाटी. मागचा भाग सपाट केलेला, तिथलं गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं.